सहीआधीचा अभ्यास

हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत २००८ साली नळाला चोवीस तास पाणी येऊ लागले. त्याआधी या जोडशहरात पाण्याची पाळी कित्येक दिवसांनी येई. ती रात्री-अपरात्री आली तरी घरातले कुणीतरी जागे राहून पिंपे भरून ठेवी. योजना कर्नाटक सरकारची होती, कर्ज जागतिक बँकेचे, आणि चालवण्याचे काम फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीकडे. 'कोंपानी जेनेराल देझो' हे तिचे जुने नाव. ही कंपनी आपल्याकडे कामाला लागली, तेव्हा ती अर्जेंटिनाच्या सरकारविरुद्ध लवादातही उभी होती. अर्जेंटिनातल्या तुकुमान प्रांताने १९९५ मध्ये तिच्याकडे पाणीपुरवठा सोपवला. पाणीपट्टी जवळजवळ दुप्पट झाली, नळाला गढूळ पाणी आले, लोकांनी बिले भरायचे थांबवले. प्रांताचे अधिकारी आणि आमदार लोकांच्या बाजूने बोलू लागले, तशी कंपनी १९९७ मध्ये फ्रान्स आणि अर्जेंटिना यांच्यातल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन दाव्याला गेली. दहा वर्षांनी, २००७ च्या ऑगस्टमध्ये, लवादाने अर्जेंटिनाला साडेदहा कोटी डॉलर भरायला सांगितले.

भारत आणि फ्रान्स यांच्यातही १९९७ मध्ये असाच करार झाला होता आणि हुबळी-धारवाडचे काम चालू असताना तो लागू होता. तरी इथे तुकुमान घडले नाही. याचे मोठे कारण कामाच्या करारात होते. इथे कंपनीने पाण्याचा धंदा विकत घेतलेला नव्हता. ठरलेले काम करून तिला ठरलेला मोबदला मिळणार होता. पाइप, टाक्या, पाणीपट्टीचे दर आणि ते बदलण्याचा अधिकार महापालिकेकडे आणि सरकारकडेच राहिला. पुढे सगळ्या शहराचे काम एल अँड टीकडे गेले तेव्हा त्यावर बरेच वाद झाले, पण ते नगरसेवकांच्या सभेत आणि इथल्याच न्यायालयांच्या कक्षेत. हा फरक कुणी तुकुमान डोळ्यांसमोर ठेवून केला, असे मी म्हणणार नाही. मात्र एखाद्या लहान देशातल्या अधिकाऱ्याला तो आधीच कळावा, त्याने तो जाणीवपूर्वक करावा, यासाठी जे शिक्षण द्यावे लागते त्याची ओळख हे पुस्तक करून देते.

विषय अनोळखी आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. दोन देश एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देण्याचा करार करतात. तुमच्या कंपनीची मालमत्ता आम्ही भरपाईशिवाय घेणार नाही, तिला न्याय्य वागणूक देऊ, नफा मायदेशी नेऊ देऊ, अशी वचने त्यात असतात. असा पहिला करार जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात २५ नोव्हेंबर १९५९ रोजी झाला. आज जगात असे अडीच हजारांहून जास्त करार झालेले आहेत. यातले खरे बळ एका कलमात असते. वचन मोडले असे वाटल्यास परदेशी कंपनी सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते. दावा लावण्याचा हक्क कंपनीला असतो. सरकारला कंपनीवर असा दावा लावता येणे हा दुर्मीळ अपवाद आहे. आतापर्यंत माहीत असलेले दावे तेराशेच्या पुढे गेले आहेत.

एवढे बळ ज्या कागदात आहे, तो कागद करताना लहान देशांनी काय केले? विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी हे करार भराभर केले. परदेशी पैसा यायला हवा होता, शेजारच्या देशाने सही केली होती, आणि सही करायला पैसे पडत नव्हते. राष्ट्राध्यक्ष परदेश दौऱ्यावर निघाले की संयुक्त पत्रकासोबत जाहीर करायला काहीतरी हवे असे, आणि गुंतवणूक करार त्या कामाला सोयीचा असे. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेने १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्लियों इथे विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवले आणि त्या एका बैठकीत अनेक करार उरकले गेले. पुढेही अशा फेऱ्या झाल्या. हेतू वाईट नव्हता. लहान देशांचा प्रवासखर्च वाचावा, त्यांनी आपसांत करार करावेत, असा विचार होता. पण वीस-पंचवीस वर्षे देशाला बांधणारा मजकूर काही दिवसांत ठरवून टाकणे योग्य नव्हे, हे तिथे कुणीतरी ठामपणे सांगायला हवे होते.

परिणाम कसे झाले याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पाकिस्तानने १९९५ मध्ये स्वित्झर्लंडशी करार केला. एसजीएस या स्विस कंपनीने २००१ मध्ये त्या आधारे दावा लावला, तेव्हा सरकारी दप्तरात त्या वाटाघाटींचा कागद सापडेना. अमुक शब्द का घातला, अमुक का गाळला, कोण काय बोलले, कशाचीच नोंद हाताशी नव्हती. लाउगे पोल्सेन या अभ्यासकाने विकसनशील देशांतल्या अनेक अधिकाऱ्यांशी बोलून याची मीमांसा केली आहे. करार करणाऱ्यांपैकी पुष्कळांना पहिला दावा येऊन आदळेपर्यंत आपण काय लिहून दिले याची पुरती कल्पना नव्हती, असे त्यातून दिसते. पाकिस्तान तर जगातला असा पहिला करार करणारा देश. मग सामोआ, लेसोथो किंवा मालदीव यांच्या व्यापार खात्यात काय असेल? दोन-तीन माणसे असतील. मत्स्यव्यवसाय, जकात, पर्यटन आणि जागतिक व्यापार संघटनेला द्यायची उत्तरे हे सगळे त्यांच्याच टेबलावर असेल. समोर बसलेल्या देशाच्या पथकात फक्त गुंतवणूक करार करणारे पाच-सहा वकील असतात आणि त्यांनी हाच मसुदा दहा देशांबरोबर घासून आणलेला असतो.

मराठी मुलुखाला हा अनुभव नवा नाही. धारवाडला एके काळी सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय होते, हुबळीला तिचा कारखाना. या रेल्वेच्या पश्चिम टोकाला कॅसलरॉकला गोव्याची रेल्वे येऊन मिळाली, आणि त्या गोव्याच्या रेल्वेची कहाणी या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाने समजून घ्यावी अशी आहे. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांनी २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला तह केला. १८८० पासून बारा वर्षांसाठी तो लागू झाला. गोव्यातल्या मिठाचा मक्ता ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला, जकातीची सीमा पुसली गेली, आणि बदल्यात गोव्याला वर्षाला चार लाख रुपये ठरले. सोबत मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधण्याचे ठरले. लंडनमध्ये १८८१ साली कंपनी निघाली. भांडवल इंग्रजी होते आणि त्यावरच्या व्याजाची हमी पोर्तुगाल सरकारची. दूधसागराच्या धबधब्यावरून जाणारा हा ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरचा रस्ता बांधायला अतिशय कठीण होता, खर्च वाढत गेला, आणि १८८८ पर्यंत गाड्या सुरू झाल्या.

हिशेब असा होता की धारवाड, हुबळी, गदग, बळ्ळारीकडचा कापूस मुरगावला उतरेल. कापूस मुबलक होता. धारवाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना माहीत होता. पण सदर्न मराठा रेल्वेने लोंढ्याहून बेळगाव, मिरज करत पुण्याकडेही रूळ नेले आणि मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबईला गोद्या होत्या, दलाल होते, बँका होत्या. माल तिकडे ओढला गेला. मुरगावच्या गाड्यांना अपेक्षेइतका माल मिळेना, आणि व्याजाची हमी मात्र पोर्तुगालला भरावीच लागली. हमी किती माल वाहिला यावर नव्हती, भांडवल किती गुंतले यावर होती. पलीकडच्या रुळांवरचे भाडे, तिथल्या गाड्यांची वेळ, माल कुठे वळवायचा याचा निर्णय, यांतले काहीही गोव्याच्या हातात नव्हते. तह १८९२ मध्ये संपला, मिठागरांवरच्या लोकांचे बारा वर्षे हाल झाले ते झाले, पण हमी तहाबरोबर संपली नाही. शेवटी १९०२ मध्ये ही रेल्वे चालवण्याचे काम सदर्न मराठा कंपनीकडेच आले, म्हणजे कारभार धारवाडहून होऊ लागला.

पोर्तुगाल साम्राज्य म्हणवत असले तरी त्या वाटाघाटीत ते दुबळे होते, आणि गोव्याच्या माणसाला तर बोलण्याची जागाच नव्हती. आजचा लहान देश ज्या चुका करतो त्या बहुतेक सगळ्या तिथे सापडतात. नफा खासगी आणि तोटा सरकारचा. ज्या गोष्टींवर उत्पन्न अवलंबून त्यांवर ताबा नाही. मूळ करार संपला तरी मागे राहणारे ओझे. मला वाटते, प्रशिक्षणाची सुरुवात आजच्या कायद्यापासून करू नये. आधी हा मुरगावचा हिशेब समोर ठेवावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे की तुम्ही लिस्बनला असता तर कोणत्या वाक्यावर थांबला असता.

यानंतर दाभोळचा वीजप्रकल्प. एन्रॉनचे लोक १९९२ च्या जूनमध्ये मुंबईत आले आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाबरोबर समजुतीचा करार झाला. वीजखरेदीचा करार ८ डिसेंबर १९९३ ला झाला. प्रकल्प परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने त्या वर्षी सांगून टाकले होते. तरीही गुहागर तालुक्यात काम सुरू झाले. डॉलरला बांधलेले दर, वीज घेतली नाही तरी द्यावयाची रक्कम, राज्याची हमी, त्यावर केंद्राची प्रतिहमी, लवाद लंडनमध्ये. १९९५ मध्ये राज्यातल्या नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये पुन्हा बोलणी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास या विजेच्या दरांचा हिशेब मांडून लोकांपुढे ठेवला. सरकारी यंत्रणेने जो अभ्यास सहीआधी करायला हवा होता, तो मूठभर अभियंत्यांनी सहीनंतर केला. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली. त्याच वर्षी मंडळाने वीज घेणे थांबवले आणि वर्षअखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले.

इथवरचे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढचे फारसे ठाऊक नाही, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे आहे. प्रकल्पात जीई आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांची भागीदारी होती. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूकदाराला दावा करता येईल असा करार नव्हता. पण या कंपन्यांनी आपले भाग मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपन्यांमार्फत ठेवले होते, आणि भारत-मॉरिशस गुंतवणूक करार १९९८ मध्ये झाला होता. अमेरिकी पैशाचा दावा मॉरिशसच्या दारातून आला. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांनीही आपापल्या देशांच्या करारांचा आधार घेतला. २००५ मध्ये तडजोड झाली. जीईला साडेचौदा कोटी आणि बेक्टेलला सोळा कोटी डॉलर मिळाले. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातून कितीतरी मराठी माणसे गिरमिट करून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्याच जिल्ह्यातल्या प्रकल्पाचा दावा शतकभराने त्याच बेटावरच्या कागदी पत्त्यांवरून परत आला, हे वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होते.

१९९३ मध्ये मुंबईत वीजखरेदीचा करार लिहिणाऱ्यांना १९९८ चा करार दिसणे शक्य नव्हते. पण १९९८ मध्ये दिल्लीत मॉरिशसशी बोलणाऱ्यांपुढे एक साधी यादी असायला हवी होती: देशात चालू असलेल्या कोणत्या मोठ्या प्रकल्पांचे भाग मॉरिशसमार्फत ठेवलेले आहेत, आणि त्यांपैकी कुठे भांडण पेटलेले आहे? कराराच्या मसुद्यात 'गुंतवणूकदार' कोणाला म्हणायचे, ही व्याख्या पहिल्या पानावर असते आणि ती वरवर वाचली जाते. फक्त नोंदणी पुरे, की त्या देशात खरोखर धंदाही हवा, एवढा एक निकष घातला तर अनेक दावे दारातच थांबतात. या पुस्तकात व्याख्यांवरचे प्रकरण सगळ्यांत लांब आहे. ते तसेच हवे होते.

दुसऱ्या एका कलमाने भारताला अडकवले, ते सर्वांत अनुकूल वागणुकीचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीज कंपनीचा कोल इंडियाशी झगडा होता. कंपनीला २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला, पण आपल्या न्यायालयांत तो नऊ वर्षे लटकत राहिला. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात न्यायालयीन दिरंगाईबद्दल स्पष्ट वचन नव्हते. ते भारत-कुवेत करारात होते. 'इतरांना दिलेली चांगली वागणूक आम्हालाही' या कलमाच्या जोरावर कंपनीने कुवेतचे वचन उचलून आपल्या दाव्यात आणले आणि ३० नोव्हेंबर २०११ रोजी लवादाने ते मान्य केले. रक्कम लहान होती, चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. धक्का मोठा होता. एका देशाशी बोलताना तुम्ही जे देता ते सगळ्या देशांना देत असता, हे दिल्लीला त्या दिवशी कळले. ज्या देशाने चार करार केले आहेत त्याने पाचव्याला बसण्याआधी ते चारही समोर मांडून ठेवावेत, ही सवय लावणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षण देणारे बहुधा विसरतात. करार राजधानीत होतो. तो मोडतो मात्र तालुक्याच्या गावात. मेक्सिकोतल्या ग्वादाल्काझार नावाच्या छोट्या नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या आगाराला बांधकाम परवाना नाकारला. लोकांच्या आरोग्याची आणि पाण्याची चिंता तिला होती, ती खोटी नव्हती. पण केंद्राच्या अधिकाऱ्यांनी मेटालक्लॅड या अमेरिकी कंपनीला सगळे परवाने मिळाले आहेत असे सांगून ठेवले होते. २००० मध्ये लवादाने मेक्सिकोविरुद्ध सुमारे एक कोटी सदुसष्ट लाख डॉलरचा निवाडा दिला. टांझानियाने २००५ मध्ये दार-एस-सलामचा पाण्याचा ठेका ब्रिटिश कंपनीकडून काढून घेतला. कंपनीचे काम खरोखरच वाईट होते. पण तिच्या व्यवस्थापकांना देशाबाहेर काढले, कार्यालय ताब्यात घेतले, आणि करारभंग त्या घाईत झाला. २००८ मध्ये लवादाने भंग झाल्याचे म्हटले आणि भरपाई मात्र शून्य ठरवली, म्हणून टांझानिया वाचला. हीच ठेकेदारी महिनाभर सबुरीने, नोटिसा देऊन काढून घेतली असती, तर तेवढा ठपकाही आला नसता. म्हणून बोलणी करणाऱ्यांच्या बरोबरीने पाणीपुरवठा अभियंता, खाण अधिकारी, नगरपालिकेचा मुख्याधिकारी यांनाही वर्गात आणले पाहिजे. आपल्या सहीचे वजन त्यांना कुणी सांगत नाही.

लहान देश हरतोच असेही नाही. उरुग्वेची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आत. सिगारेटच्या पाकिटावर मोठे इशारे छापण्याचा नियम केला म्हणून फिलिप मॉरिसने २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या कराराखाली दावा लावला. उरुग्वेने माघार घेतली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लवादापुढे आपले म्हणणे मांडले, अमेरिकेतल्या ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने खर्चाला हातभार लावला, आणि ८ जुलै २०१६ रोजी उरुग्वे जिंकले. कंपनीला सत्तर लाख डॉलर खर्चापोटी द्यावे लागले. पण उरुग्वेचा खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला होता, आणि बाहेरची मदत नसती तर काय झाले असते हा प्रश्न राहतोच. या भीतीनेच अनेक सरकारे चांगले कायदे कपाटात ठेवून देतात. त्या कायद्यांवर दावे कधी लागत नाहीत, म्हणून ते मोजलेही जात नाहीत.

प्रशिक्षणाची व्यवस्था जगात आज आहे. कॅनडातल्या शाश्वत विकास संस्थेने २००७ मध्ये सिंगापूरला विकसनशील देशांतल्या वाटाघाटीकारांचा मेळावा भरवला आणि तो पुढे दरवर्षी निरनिराळ्या देशांत भरत गेला; २०१० मध्ये नवी दिल्लीत होता. अंक्टाड आणि साउथ सेंटर यांचे वर्ग चालतात. जागतिक व्यापार संघटनेच्या वादांत गरीब देशांना सल्ला देणारे केंद्र जिनिव्हाला २००१ पासून आहे. गुंतवणुकीच्या वादांसाठी तसेच केंद्र उभारायला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०२४ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. भारताचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून आशिया-आफ्रिकेच्या अधिकाऱ्यांना इथे बोलावून शिकवतो आहे.

यांतल्या मेळाव्यांचे मोल मी कमी मानत नाही. फिजीचा अधिकारी आणि युगांडाचा अधिकारी चहाच्या वेळी एकमेकांना विचारतात, 'तुमच्याकडे त्यांनी हेच कलम आणले होते का?' आणि दोघांनाही कळते की होय, शब्दशः हेच. हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. पण पाच दिवसांच्या वर्गाला एक मोठी मर्यादा असते. अधिकारी प्रमाणपत्र घेऊन घरी जातो आणि वर्षभरात त्याची बदली होते. त्याच्या जागी आलेल्याला फाइल मिळते ती रिकामी. शिकवलेले माणसात राहते, खात्यात उतरत नाही. माझा आग्रह असा आहे की शिक्षण व्यक्तीला न देता कचेरीला द्यावे. एकाच देशाचे तिघे यावेत: एक व्यापार खात्याचा, एक अर्थखात्याचा, एक ज्या खात्यावर दावे होऊ शकतात तिथला. येताना त्यांनी आपल्या देशाचे सगळे चालू करार आणावेत. काल्पनिक देशांचे काल्पनिक मसुदे सोडवून हात तयार होतो, हे खरे. पण आपल्याच देशाने १९९६ मध्ये काय लिहून दिले हे वाचताना जी जाग येते ती त्याने येत नाही.

भारताने शिकवायला बसावे का, हा प्रश्न कुणी विचारील. माझ्या मते बसावे, आणि आपले ठेचाळणेही सांगावे. व्हाइट इंडस्ट्रीजनंतर, व्होडाफोन आणि इतरांच्या दाव्यांनंतर, सरकारने २०१५ मध्ये नवा नमुना करार केला आणि लगोलग पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. नव्या नमुन्यात कंपनीला आधी इथल्या न्यायालयांत पाच वर्षे दाद मागावी लागते, कराचे विषय वगळले आहेत. अमिरातीशी २०२४ मध्ये करार करताना या पाचाची तीन वर्षे झाली, म्हणजे आपणही वाटाघाटीत नमलो. ब्राझीलबरोबर २५ जानेवारी २०२० रोजी झालेला करार तर निराळाच आहे. त्यात कंपनीला सरकारवर दावा लावण्याची सोयच नाही. तक्रार आधी दोन्ही देशांनी नेमलेल्या संपर्क कचेरीकडे जाते आणि भांडण मिटले नाही तर ते दोन सरकारांत होते. धारवाडच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. मार्कोपोलो ही ब्राझीलची बस बांधणारी कंपनी टाटांची भागीदार होऊन धारवाडला आली होती. डिसेंबर २०२० मध्ये टाटांनी तिचा ४९ टक्के हिस्सा विकत घ्यायचे ठरवले. कंपनी आली, चौदा वर्षांच्या भागीदारीनंतर निघाली, आणि त्या येण्याजाण्याला लवादाच्या कलमाची गरज पडली नाही.

पण आपण आता फक्त दावे सोसणारे नाही. मालदीवने २०१० मध्ये मालेचा विमानतळ बंगळूरशी नाते असलेल्या जीएमआरच्या भागीदारीला दिला आणि २०१२ मध्ये काढून घेतला. २०१६ मध्ये त्या लहानशा बेटराष्ट्राला सुमारे सत्तावीस कोटी डॉलर मोजावे लागले. तो देश आपल्या वर्गात येऊन बसला तर आपण त्याला काय शिकवणार? आपल्या कंपन्यांना सोयीचे तेवढे सांगितले, तर ते प्रशिक्षण राहणार नाही. मालदीवच्या अधिकाऱ्याला त्या विमानतळाच्या कराराचे पान न पान आपल्यासमोर वाचता आले पाहिजे, आणि शिकवणाऱ्याने त्याच्या बाजूने विचार केला पाहिजे. हे जमत नसेल तर भारताने यात पडू नये, इतके मला हे महत्त्वाचे वाटते.

असे वर्ग दिल्लीतच का घ्यावेत? हुबळीच्या नवनगरात २००९ पासून कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ आहे. धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ आहे, बहुशाखीय विकास संशोधन केंद्र आहे, वाल्मीसारखी पाण्यावर अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था आहे. कॅसलरॉकची घाटवाट दोन-अडीच तासांवर, दाभोळ एका दिवसाच्या अंतरावर. ज्या देशांच्या राजधान्या हुबळीहून लहान आहेत त्यांच्या अधिकाऱ्यांना इथली महापालिका, इथला पाण्याचा हिशेब, इथली औद्योगिक वसाहत आपल्या ओळखीची वाटेल. दिल्लीच्या पंचतारांकित सभागृहात ती ओळख पटत नाही.

हे पुस्तक मराठीत निघते आहे याचा मला विशेष आनंद आहे. सामोआचा अधिकारी ते वाचणार नाही, उघडच आहे. पण राज्याच्या उद्योग खात्यात, महामंडळांत, महापालिकांत करार लिहिणारी, तपासणारी, त्यांवर सह्या करणारी हजारो माणसे मराठीत विचार करतात आणि या विषयावर त्यांच्या हाती आजवर काही नव्हते. त्यांच्यातूनच शिकवणारेही निघायला हवेत.

वाचणाऱ्यांना एक सुचवतो. शेवटच्या प्रकरणातला सराव एकट्याने करू नका. चौघे बसा, दोघे लहान देश व्हा, दोघे गुंतवणूकदाराचा देश. पहिल्या बैठकीत व्याख्या आणि अनुकूल वागणूक एवढेच घ्या. लहान देशाच्या बाजूला दोन अधिकार द्या: 'यावर आम्ही घरी विचारून सांगू' असे म्हणून उठण्याचा, आणि सही न करण्याचा. बैठक संपल्यावर प्रत्येक कलमापुढे तीन ओळी लिहा: काय मागितले, काय दिले, का दिले. त्याखाली तारीख आणि नाव घाला, एक प्रत आपल्या खात्यात ठेवा, दुसरी अर्थखात्याला पाठवा. दुसरी बैठक वेगळ्याच चौघांनी घ्यावी, आणि त्यांना आधीच्या बैठकीची फक्त ही नोंद द्यावी.